दुबार ठसा

आमच्या ह्यांच्या हातात कुणी नाणं ठेवलं की हे ते खिशात टाकायच्या आधी उलटंपालटं करून बघायचे. दूधवाला ताटकळत उभा, एसटीचा कंडक्टर कावलेला, वाण्याकडे मागे रांग लागलेली, आणि हे आपले नाणं उन्हाकडे तिरकं धरून उभे. मला इतकी लाज वाटायची! पेणहून लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं होतं, "त्याला नाण्यांचं खूळ हाय गो. तेवढं सोडलंस तर पोरगा गुणाचा." तेवढं सोडता कुठं येतं! जन्मभर पुरलं ते खूळ.

खूळ म्हणजे जुनी नाणी जमवण्याचं नव्हे. राजाराणीचे रुपये, चांदीची नाणी, असलं ह्यांना काही नको असायचं. ह्यांना हवं असायचं ते बिघडलेलं नाणं, टांकसाळीच्या हातून चुकून सुटलेलं. कडेचा लचका गेलेलं, एका बाजूला काहीच न उमटलेलं, नाहीतर ठसा मधोमध न बसता एका अंगाला सरकलेलं, तव्यावर टाकताना भाकरी निसटते तसं. धाटावला कंपनीत शिफ्ट करून यायचे, अंगाला केमिकलचा तो वास, आंघोळ करून चहा घेतला की मागच्या पडवीत चटई टाकून बसायचे. डाव्या हातात मुठीचं मोठं भिंग, उजव्या हातात नाणं. जेवायला हाक मारून मारून माझा घसा बसायचा.

मलाही शिकवलं त्यांनी. "सिंह वर धर. आता वहीचं पान उलटतात तसं उलट. मागचा आकडा सरळ उभा आला पायजे. कलंडलेला दिसला तर समज, ठसा फिरला." मी चिडून म्हणायचे, "आकडा कलंडू दे नाहीतर झोपू दे, वाणी तेवढ्याच पैशांची साखर देतो." पण एकदा भाजी घेताना माझ्याच हातात तसं कलंडलेलं नाणं आलं, तर मी भाजी तिथंच टाकून घरी पळत आले! हे इतके खूश झाले की संध्याकाळी जिलबी आणली. शेजारणीला वाटलं, मला दिवस गेले.

कंपनीतले लोक ह्यांची फिरकी घ्यायचे. फिटरच्या वर्कशॉपमध्ये नाणं पकडीत धरायचं, हातोड्यानं चेचायचं, आणि साळसूद तोंड करून ह्यांच्यापुढं ठेवायचं, "बघा हो, टांकसाळीची केवढी चूक!" हे एकदाच बघायचे आणि परत करायचे. "हा मार मागाहून बसलाय. चूक जन्माची असली तर बोल." ह्यांना फसवणं कुणाला जमलं नाही. ह्यांच्या डोळ्यांवर माझा किती विश्वास होता म्हणून सांगू. सुईत दोरा हे ओवून द्यायचे, तांदळातला खडा हे काढायचे, रोहा स्टेशनात लांबून येणाऱ्या गाडीचा डबा कुठला ते हे सांगायचे.

वर्षातून एकदा ह्यांची दिवाळी असायची, आणि ती माझ्या माहेरी. माझा भाऊ पेणजवळ जोह्याला गणपतीच्या मूर्ती करतो. आमच्याकडे लोक श्रावणात आपापल्या घरचा पाट कारखान्यात आणून देतात, गणपती त्याच पाटावर बसून त्यांच्या घरी जातो. पाटावर विडा, सुपारी आणि एक नाणं ठेवायचं. आता देवापुढं नाणं ठेवायचं म्हणजे चांगलं ठेवावं की नाही? पण लोक महा बेरकी. वाण्यानं परत केलेलं, कंडक्टरनं नाकारलेलं, बंद झालेलं, बिघडलेलं, जे कुठं खपत नाही ते देवाच्या पाटावर. देव काय, बिचारा बोलत नाही. त्यामुळं अख्ख्या तालुक्यात जी नाणी कुणाला नको असायची ती माझ्या भावाच्या डब्यात गोळा व्हायची. भाऊ ती बाजारात चालवायचा नाही, पाटावरचं नाणं दुकानदाराला द्यायचं नाही असा त्याचा नेम. गणपती घरोघर गेले की आम्ही जोह्याला जायचो, हे भावाच्या देव्हाऱ्यात कोरी नोट ठेवायचे आणि कुंकवानं लालेलाल झालेल्या त्या नाण्यांची पुरचुंडी घेऊन यायचे. परतीच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसायचे. मी शेजारी बसलेली, पण माझ्याकडे बघतील तर शपथ.

एवढ्या वर्षांत सगळ्या जातीच्या चुका ह्यांना मिळाल्या, फक्त एक सोडून. दुबार ठसा. नाण्यावर ठसा बसला, पण नाणं साच्यातून सुटलंच नाही, आणि जरा हलून त्याच्यावर दुसऱ्यांदा घाव बसला, की सगळं दोन दोन उमटतं. सिंहाच्या आयाळीमागं दुसरी आयाळ, अक्षरामागं अक्षर. नुसतं यंत्र थरथरून रेघ जाड होते ते वेगळं, हे वेगळं, असं हे मला कितीदा तरी समजावून सांगायचे. रोह्याच्या बाजारात ह्यांचे एक दोस्त आहेत, घड्याळवाले. बरीच वर्षं कुवेतला होते, परत येऊन दुकान टाकलं. ते ह्यांचे नाण्यांतले जोडीदार, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. भाईंना कुवेतमध्ये असताना तसं एक नाणं मिळालं होतं, आणि ते दुकानात काचेखाली ठेवलेलं होतं. हे दर आठवड्याला जाऊन ते बघून यायचे. घरी आले की म्हणायचे, "एक तरी मिळू दे गो. भाईच्या नाण्याशेजारी ठेवीन, मग सुखानं मरीन." मी म्हणायचे, "मेल्यावर कशाला, आत्ताच जेवायला चला."

निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट. गणपती झाले, आम्ही पुरचुंडी घेऊन आलो. मी आत पापड लाटत होते. पडवीतून अशी हाक आली की मला वाटलं साप निघाला. लाटणं घेऊनच धावले. हे चटईवर उभे, हातात रुपयाचं नाणं. "मिळालं गो! मिळालं! बघ, सिंह बघ, दोन दोन!" माझ्या हातात भिंग दिलं. मी बघितलं. मला सिंह एकटाच दिसला. मी म्हटलं, "मला नाय दिसत." तर हे हसले. "तुला खडा दिसत नाय तांदळातला, हे कुठून दिसायचं!" खरंच होतं ते. मीही हसले. मला दिसत नव्हतं, पण ह्यांना दिसतंय म्हणजे असणारच. तसा आनंद मी ह्यांच्या तोंडावर पोरगी झाली तेव्हाच बघितला होता. मी देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे भाईंच्या दुकानात गेले आणि दुपारी फणफणत परत आले. भाईंनी घड्याळाचं छोटं भिंग डोळ्याला लावून बघितलं आणि म्हणाले, एकच ठसा आहे. ह्यांना दिलं, ह्यांनी एका डोळ्याला लावून बघितलं, तर ह्यांनाही एकच दिसला. "त्याचं भिंगच दळभद्री," हे म्हणाले. घरी आल्या आल्या चटईवर बसून आमच्या भिंगातून बघितलं, तर पुन्हा दोन! मग काय विचारता. "जळतो मेला. त्याच्याकडचं एकटं होतं ना इतके दिवस!" एवढ्या वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा कट्टी झाली. पोरंसुद्धा अशी भांडत नाहीत.

आणि मग दुसरं सापडलं. मग तिसरं. मी म्हटलं, "अहो, जन्मात एक मिळत नव्हतं, आणि आता ढिगानं कशी मिळतात?" तर ह्यांच्याकडे उत्तर तयार. सगळी त्याच सालाची, सालाखालची टांकसाळीची खूणही तीच. "मी जन्मभर कंपनीत काय केलं? बॅच बिघडली की अख्खी बिघडते. एक पिंप खराब निघालं की त्या बॅचची सगळी पिंपं खराब. टांकसाळीत त्या दिवशी साचा हललेला असणार, कुणाच्या लक्षात आलं नाय." किती पटण्यासारखं बोलले! मला पटलं. भावाला पटलं. कंपनीतले जुने लोक घरी येऊन गेले, त्यांना तर सर्वात जास्त पटलं, त्यांची हयात बॅच सांभाळण्यात गेलेली. मग हे त्या एका सालाच्या मागे लागले. दूधवाल्याकडून, चहावाल्याकडून, देवळाच्या पुजाऱ्याकडून त्या सालाचे रुपये बदलून आणायचे, आणि बाकीच्या नाण्यांना हातसुद्धा लावायचे नाहीत. जे आणायचे ते दुबार. मुंबईच्या नाण्यांच्या प्रदर्शनात मांडायची होती सगळी. त्यासाठी माझ्याकडून निळ्या मखमलीचा तुकडा कापून घेतला होता, ब्लाउजपीस होता तो माझा.

ह्या सगळ्या धामधुमीत ह्यांची मान जरा उजवीकडे कलायला लागली होती. मी चिडवायचे, "नाण्याचा आकडा कलंडला तर कौतुक, आता स्वतःच कलंडलात." तशी मान ठेवली की बरं वाटतं म्हणाले. मागल्या दाराच्या पायऱ्या उतरताना दोनदा पाय चुकला. बसमधून उतरताना एकदा पडले. मी म्हटलं चपला झिजल्यात, नव्या आणल्या.

भाईंनाच राहवलं नाही शेवटी. ईदचा शिरखुर्मा घेऊन घरी आले. हे फुगून बसलेले, पण शिरखुर्म्याला नाही कोण म्हणेल! भाई पडवीत ह्यांच्याशेजारी बसले, आमचं भिंग घेतलं, एकेक नाणं बघितलं. मग नाण्यांकडे बघायचं सोडून ह्यांच्याकडेच बघत राहिले, ह्यांच्या मानेकडे. वाटी द्यायला म्हणून आत स्वयंपाकघरात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी, नाण्यात काय नाय. एकातबी नाय. त्याला डॉक्टरला दाखव." त्यांचे डोळे भरून आलेले होते.

ते गेल्यावर मी माझा बटवा काढला आणि त्यातलं हाताला लागलं ते नाणं घेतलं. दोन रुपयांचं, वेगळ्याच सालाचं, खूणही वेगळी. पडवीत जाऊन म्हटलं, "हे बघा हो जरा." ह्यांनी भिंग धरलं. तोंड उजळलं ह्यांचं! "अगो, हेपण दुबार!" मग नाणं फिरवून साल बघितलं. खूण बघितली. पुन्हा बघितलं. जन्मभर बॅच सांभाळलेला माणूस, त्याला काय सांगायला लागतंय? भिंग हळूच चटईवर ठेवलं आणि म्हणाले, "ऊन उतरलं वाटतं." ऊन कुठलं उतरायला, टळटळीत दुपार होती. मी म्हटलं, "हो, उतरलं."

पेणला भावाच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर होते. भला माणूस, आल्या आल्या थट्टा करत होता. ह्यांना खाली बघायला लावलं, पेन धरलं. "किती?" "दोन." मग मला म्हणाले, "वहिनी, ह्यांचा एक डोळा तुमच्या हातानं झाका." मी माझा तळवा ह्यांच्या डोळ्यावर ठेवला. पापणी माझ्या हाताखाली फडफडत होती. "आता किती?" "एक." दुसरा झाकला. "एक." हात काढला. "दोन." डॉक्टरांची थट्टा बंद झाली. म्हणाले, डोळे दोन्ही ठणठणीत आहेत, पण खाली बघताना दोघं मिळून एका जागी बघत नाहीत, डोळा वळवणारी शीर कुठंतरी दबतेय, मुंबईला जाऊन डोक्याचा फोटो काढा, आणि उशीर करू नका. मी ते ऐकत होते आणि हे खिशातून नाणं काढून बघत होते. एका डोळ्यावर स्वतःचाच हात ठेवायचा, काढायचा. ठेवायचा, काढायचा. मग डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे एकपण खरं नव्हतं?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. आयुष्यात एकदाच मला असं वाटलं की देव समोर आला तर त्याच्या कानाखाली वाजवीन. माणसाला मारायचं तर मार बाबा, पण आधी त्याला हवं ते दाखवून, नाचवून, मग हिसकावून घेऊन मारायचं, ही कुठली रीत?

मुंबईला डोक्यात गाठ निघाली. जागा वाईट, हात घालता येणार नाही म्हणाले. किरणांचे शेक दिले, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. परत येताना ह्यांनी भाईंना फोन केला. "भाई, तुझं भिंग चांगलं हाय रे," एवढंच बोलले. पलीकडे भाई मोठ्यानं रडत होते ते मला ऐकू येत होतं. त्यानंतर भाई रोज दुकान बंद करून आमच्याकडे यायचे. एकदा स्वतःचं ते कुवेतचं नाणं घेऊन आले आणि ह्यांच्या उशाशी ठेवायला लागले. ह्यांनी ठेवू दिलं नाही. "तुझं तुला सापडलंय. दिलेलं चालत नाय ह्याच्यात." भाई ते परत खिशात घालून तसेच बसून राहिले.

पुढं पुढं खाली-वर, लांब-जवळ, सगळीकडेच दोन दिसायला लागलं. दोन दारं, दोन ताटं. चालताना भोवळ यायची, म्हणून डॉक्टरांनी एका डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली. हे ती सारखी काढून ठेवायचे आणि मी ओरडायचे. आमचं भांडण त्या पट्टीवरून. मी पट्टी बांधणार, हे काढणार, मग ओकारी होणार, मग मी पुन्हा बोलणार. आमची पोर नागोठण्याला दिलेली, तिला दिवस भरत आलेले, ती पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली. ती म्हणायची, आई, नको ना गं बाबांवर ओरडू. पण मी ओरडायची थांबले असते तर दुसरं काय केलं असतं? रडले असते. मग घर कुणी चालवलं असतं?

जिभेवरसुद्धा परिणाम झाला होता तेव्हाची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती, पोर आतल्या खोलीत आडवी झालेली. मी पेज भरवायला बसले. हे म्हणाले, "पट्टी काढ गो." मला वाटलं नाणी बघायची असतील. कधी नव्हे ते मी न भांडता म्हटलं, "थांबा, पिशवी आणते." तर मान हलवली. "नाणी नको. तू समोर बस. सरळ बस."

मी पट्टी काढली. हे बघत राहिले. डोळे बारीक करून, मान कलती करून, नाण्याकडे बघायचे अगदी तसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं मला कधी बघितलं नव्हतं. मला लाजच वाटली, पदर नीट केला.

"दोघी दिसता," म्हणाले.

मी म्हटलं, "एकीनं जीव खाल्ला तुमचा, आता दोघींचं ऐका."

हसले. तोंड एकाच बाजूनं हलत होतं, पण हसले. मग आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे, जसं काही दोघींना नीट पारखून घेत होते. शब्द जड झालेले, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"असं कर. एक हितं राहा. पोरीचं बाळंतपण तुझ्याबिगर कोण करणार? दुसरीला मी घेऊन जातो. मला एकट्याला भीती वाटते गो."

केमिकलच्या टाकीवर चढणारा माणूस हा. इतक्या वर्षांत भीती हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "न्या. कुठली आवडेल ती न्या."

"हां," म्हणाले. आणि डोळे मिटले, शांत झोपले दुपारभर.

नातू व्हायच्या आधीच गेले. ठरलं होतं आमचं तसं, मी न्या म्हटलं होतं, पण कुणाला नेलं नाही. भीती वाटत असताना एकटेच गेले.